सामाईक भिंत

ट्यूब उघडायची तीही अंधारात.
उजेड लागला की हे रंग मरतात,
म्हणून बिडवे मॅडमनी खिडकीला
एक्स-रेच्या पुड्यातले काळे कागद चिकटवलेत
आणि लातूरच्या भर मे महिन्यात, दुपारी दोनला,
मी रात्र करून बसते.

दहा मायक्रोलिटर प्रोब. आसवापेक्षा कमी.
त्यात डीएनएचे तुकडे, काहींना लाल शेपूट, काहींना हिरवं.
वर काचेचं झाकण, कडेनं रबराचा डिंक
(सिद्रामच्या पंक्चरच्या दुकानातला वास येतो)
मग त्र्याहत्तर अंश, पाच मिनिटं:
दुपदरी धागा उसवतो.
मग ओल्या कागदाच्या डब्यात सदतीस अंश, रातभर:
सुटलेला एकेक तुकडा आपला जोडीदार हुडकत फिरतो
तीनशे कोटी अक्षरांच्या गर्दीत
आणि आपल्याच दाराशी जाऊन थांबतो.

कसं सापडतं त्याला, मी एकदा विचारलं.
मॅडम म्हणाल्या, चुकतो की तोही.
पण चुकून बसलेलं सकाळच्या धुण्यात निघून जातं.

धुण्याचं पाणी मोजून.
एका उन्हाळ्यात रेल्वेनं आलेलं पाणी प्यालंय हे शहर,
चमचाभर सांडलं तरी मॅडम मान वर करतात.

मग डोळा लावायचा.
काळोखात निळी केंद्रकं, आणि प्रत्येकात दिवे.
जनुकाच्या अल्याड लाल, पल्याड हिरवा.
जनुक शाबूत असलं तर दोघं इतके खेटून
की पिवळा एकच ठिपका.
असे दोन पिवळे: एक आईकडचा, एक बापाकडचा.
टिक. पुढचं केंद्रक.
टिक.

नमुना एक्केचाळीस.
एक पिवळा जागच्या जागी,
दुसऱ्याचा मात्र लाल इकडं
आणि हिरवा पार तिकडं, कडेला.
हरवलेलं काहीच नाही. अक्षरं तेवढीच.
फक्त तुटून भलतीकडं जोडलंय.

मी दोन वर्षांची होते, भूकंप मला आठवत नाही.
आठवतं ते नंतरचं गाव:
सरळ रस्ते, एका मापाची घरं, भिंतींवर नंबर.
जुन्या गावात आईच्या आणि नीलव्वाच्या घराला
भिंत एकच, आणि तिच्यात एक आरपार देवळी.
इकडून विस्तव जायचा,
तिकडून शेंगाचटणीची वाटी यायची.
मग चिठ्ठ्या निघाल्या.
आईला चौदा. नीलव्वाला दोनशे नऊ.
दोघी जित्या, दोघींची नावं यादीत,
कागदावर कुठंच काही मोडलेलं नाही.
थोरली सांगते, पुढं वर्षभर
फोडणी झाली की आई वाटी घेऊन
नव्या सिमेंटच्या भिंतीशी जाऊन उभी राहायची.

मागच्या महिन्यात तिला लॅब दाखवली.
चष्मा काढून स्टुलावर बसली.
"काय बघलालीस गं रोज ह्याच्यात?"
मी एक्केचाळीस लावून दिला.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "ह्यांचं पुनर्वसन झालंय."

दोनशे केंद्रकं मोजली.
एकशे बासष्टात फाटाफूट.
एक्केचाळीसला नाव नाही. बाई का बाप्या, ठाऊक नाही,
ह्या जिल्ह्यातलं का कुठलं, तेही नाही.
प्रोबच्या डबीवर छापलंय: केवळ संशोधनासाठी.
म्हणजे वहीत लिहायचं.
फोन करायचा नाही. केला तरी
कुणाला, आणि काय म्हणून?

आणखी एक, नव्या पोरींना मी पहिल्याच दिवशी सांगते:
फार वेळ बघत बसू नका.
ज्या उजेडात हे दिसतात
त्याच उजेडानं विझतात.
आधी हिरवा फिकटतो, मग लालही.

फोटो घेतला. झडप पाडली.
आत अंधारात ते असतील,
आपापल्या नंबराशी,
लांब लांब.